सेंटर लॉकच्या मोटारी: चारही बदलायच्या की बिघडलेलं दार तेवढं दुरुस्त करायचं?

वडगावकर

नमस्कार मंडळी,

गाडीच्या सेंटर लॉकने त्रास द्यायला सुरुवात केली आहे आणि मेस्त्रीने सांगितलेला उपाय मला पटलेला नाही, म्हणून हा धागा काढतोय. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, केए-२२ पासिंग, सेंटर लॉक कंपनीतूनच आलेलं. रोजचं फिरणं बेळगाव शहरात आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटातून गोव्याला जाणं-येणं बारमाही.

तीन दारांच्या तीन तऱ्हा आहेत. मागच्या डाव्या दारातून रिमोट दाबल्यावर घुर्रर्र असा आवाज येतो, नॉब थोडा हलतो आणि तिथेच थांबतो. पुढचं डावं दार मुकंच आहे, पण कधीतरी ते दार सताड उघडं असताना बटण दाबलं तर खटकन लॉक होतं. ड्रायव्हरचं दार लॉक होतं आणि पुढच्याच क्षणी चारही दारं परत उघडतात. हे दुपारच्या उन्हात जास्त. मागचं उजवं दार तेवढं व्यवस्थित आहे.

मेस्त्रीने डोअर पॅड (दाराच्या आतलं आवरण) न उघडताच सांगितलं, "चारी मोटार होग्येत्री (गेल्यात), सेटच घाला." चालणारी मोटार कशाला बदलायची, विचारलं तर म्हणे, आज ना उद्या जाणारच आहे.

चांगली वस्तू काढून टाकायला माझं मन घेत नाही. या मोटारी दुरुस्त होतात का? नवी घ्यायची तर कंपनीचा पार्ट घ्यावा की बाजारात मिळणारी गन (दारात वेगळी बसवायची लॉकची मोटार)? घरात दोन लहान मुलं आणि वयस्कर आई आहे, त्यामुळे दार ऐन वेळी अडकणं मला चालणार नाही. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

कुंदाप्रेमी

आधी रिमोटचा सेल बदला की. सीआर २०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

उद्यमबाग_टर्नर

@कुंदाप्रेमी, सेल उतरला असता तर रिमोट लांबून चालला नसता आणि मग एकही दार ऐकलं नसतं. इथे एक दार नीट आहे आणि तीन दारं वेगवेगळी वागतायत. सेलचा संबंध नाही.

वडगावकर दादा, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की निम्मं निदान त्यातच झालं. तीन दारांना तीन वेगळे आजार आहेत. सेट घातला असता तरी एक दार मुकंच राहिलं असतं.

आत काय असतं ते आधी सांगतो. दाराच्या कडेला जो आकडा खांबावरच्या कडीला धरतो, त्या लॅचच्याच डब्यात एक छोटी १२ व्होल्टची मोटार असते. तिच्या शाफ्टवर वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला तुकडा), वर्मला लागून प्लास्टिकचं गिअर आणि गिअर एका लिव्हरला ढकलतं. मोटारीला दोनच वायरी. एरवी त्या दोन्ही अर्थला असतात. लॉक दाबलं की एका वायरीत क्षणभर १२ व्होल्ट येतात, अनलॉक दाबलं की दुसरीत. मोटार सुलटी फिरली तर लॉक, उलटी फिरली तर अनलॉक. याउपर त्यात काही जादू नाही.

आता तुमची दारं.

मागचं डावं: आवाज येतो म्हणजे वीज पोचते आणि मोटार फिरते. एक तर गिअरचे दात गेलेत, नाही तर मोटार थकलीय आणि लिव्हर ढकलायला जोर पुरत नाही. लॅचमधलं ग्रीस चिखल होऊन घट्ट झालं असेल तर चांगल्या मोटारीलाही जोर पुरत नाही, म्हणून आधी नॉब हाताने वरखाली करून बघा. हाताला जड लागला तर दोष मोटारीचा नाही.

पुढचं डावं: दार उघडं असताना चालतं, बंद असताना नाही. माझं ठाम मत आहे की मोटार ठणठणीत आहे. दार आणि खांब यांच्यामध्ये जो रबरी पाइप असतो त्यातली वायर तुटलीय. बारा-तेरा वर्षं रोज दार उघडताना ती तिथेच वाकते. तार वाकवून वाकवून तोडतो तशी आतल्या आत तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत. दार उघडलं की दोन टोकं एकमेकांना टेकतात, मिटलं की सुटतात.

ड्रायव्हरचं दार: याच्या लॅचमध्ये मोटारीशिवाय एक छोटा स्विच असतो. लॉक खरंच पूर्ण लागलं का, हे तो गाडीला सांगतो. तो खराब झाला की लॉक लागूनही गाडीला "लागलं नाही" असा निरोप जातो आणि ती सगळी दारं सोडून देते. मोटार अशक्त होऊन लिव्हर शेवटपर्यंत जात नसेल तरी हेच होतं.

तपासायला मल्टीमीटरपेक्षा बल्ब घ्या. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी जोडा आणि मोटारीच्या कनेक्टरमध्ये लावा. कोणाला तरी रिमोट दाबायला सांगा. बल्ब लख्ख चमकला पाहिजे. वायरीतली तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तिथे खरं-खोटं लगेच कळतं.

कुंदाप्रेमी

टर्नरअण्णा, साष्टांग. सेलवाला सल्ला मागे घेतो. वाचनखूण साठवली.

तंबाखूच्या_गावची

आमच्या निपाणीच्या गाडीचा अनुभव लिहिते. आमचं बेस मॉडेल, सेंटर लॉक बाहेरून बसवलेलं. म्हणजे दारात वेगळी गन असते, तिचा दांडा नॉबच्या दांड्याला एका छोट्या क्लँपने जोडतात. पुढच्या दारात पाच वायरींची गन, मागे दोन वायरींची. पाचमधल्या दोन मोटारीच्या आणि तीन स्विचच्या.

आमचंही दार घुर्र करायचं आणि लॉक होत नव्हतं. पॅड काढलं तर गन अगदी नवी असल्यासारखी चालत होती. क्लँपचा स्क्रू ढिला होऊन दांडा त्यातून नुसता सरकत होता. स्क्रू आवळला, वर नेलपॉलिशचा थेंब टाकला, पुन्हा ढिला झालेला नाही. गन आणि दांडा एका सरळ रेषेत आहेत का तेही बघायला हवं. तिरकी बसवली तर निम्मा जोर वायाच जातो.

वडगावकर भाऊ, तुमचं कंपनीचं असल्यामुळे हे तुम्हाला लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

चिक्कोडी_२३

मला विचाराल तर कंपनीचं लॅच घ्यायच्या भानगडीत पडू नका. अख्खं लॅच घ्यायचं म्हणजे हजारोंचा खर्च. बाजारातली दोन वायरींची गन काहीशे रुपयांत येते. तीच दारात बसवा, कंपनीच्या मोटारीचा कनेक्टर काढून वायरी हिला द्या. काम तेच. माझ्या जीपला तसंच केलंय आणि ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर चालतेय.

उद्यमबाग_टर्नर

@चिक्कोडी_२३, मागच्या दाराला जुगाड म्हणून चालेल, तेही आत जागा असेल आणि दांडा बाहेरून पकडता येत असेल तर. आताच्या बऱ्याच गाड्यांत दांडा नाहीच, केबल असते. तिथे गन कशाला जोडणार? शिवाय जुनी मोटार लॅचमध्ये तशीच राहते. नव्या गनला ती रोज ओढत फिरवावी लागते.

ड्रायव्हरच्या दाराला तर हे करूच नये. तिथला स्विच लॅचच्या आत आहे, गन घालून तो दुरुस्त होणार नाही.

संकेश्वरचे_मास्तर

विज्ञान शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे एक मुद्दा राहवत नाही म्हणून मांडतो.

दुपारी जास्त त्रास होतो याला कारण आहे. अशा मोटारींच्या आत ब्रशशी (मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) एकसरीत जोडलेली बहुधा एक बारीक चकती असते, पीटीसी म्हणतात तिला. तापमान वाढलं की तिचा रोध वाढतो. काम काय, तर कुणी बटण सलग दाबत बसलं किंवा लिव्हर अडकली तर मोटार जळू नये. चकती तापते, प्रवाह रोखते, थंड झाली की पुन्हा वाट मोकळी करते. जुन्या मोटारीत ब्रश झिजलेले, कम्युटेटरवर (ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) काळा थर, म्हणजे रोध आधीच वाढलेला. वरून उन्हात दाराचा पत्रा तापतो. सकाळी जेमतेम पुरणारा प्रवाह दुपारी पुरत नाही.

तेव्हा वडगावकर, ड्रायव्हरच्या दारात स्विचबरोबर मोटारीचाही संशय धरा. एक सोपी परीक्षा: पहाटे गाडी गार असताना लॉक-अनलॉक सलग करत राहा. सुरुवातीला नीट आणि हळूहळू मंद होत गेलं तर मोटार. पहिल्यापासूनच लहरी वागलं तर स्विच.

आणि कृपा करून मोटारीला थेट बॅटरी लावून धरून ठेवू नका. क्षणभर टेकवायची आणि काढायची. लिव्हर शेवटी पोचली की मोटार जाम होते, आणि जाम मोटार सर्वांत जास्त करंट ओढते.

खानापूर_पाऊसवाला

मास्तर, टर्नर, दोघांचंही बरोबर आहे, खरं मूळ रोगाबद्दल कोणीच बोलत नाही. हे सगळं खराब का झालं? पाण्याने.

आमच्या भागात, कणकुंबीकडे तर विचारूच नका, पाऊस एकदा लागला की गाडी आठवडेच्या आठवडे वाळत नाही. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी दारात उतरणारच. दार तसंच बनवलेलं असतं. पाणी आतल्या बाजूने खाली येतं आणि दाराच्या तळाला असलेल्या भोकांतून बाहेर जातं. आता ही भोकं बघा कधी तरी. तांबड्या मातीने लिंपून बंद झालेली असतात. मी दर पावसाळ्याआधी तारेने टोकरतो. एकदा शेजाऱ्याच्या गाडीची भोकं मोकळी केली तर काळं-तांबडं पाणी भळाभळा आलं, घरातल्यांनी बादली आणून ठेवली खाली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डोअर पॅड काढलं की मागे एक प्लास्टिकचा कागद असतो, चारी बाजूंनी काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला. कंपनीने तो शोभेला लावलेला नाही. पाणी त्याच्या पलीकडेच राहावं, पॅडकडे आणि गाडीत येऊ नये म्हणून लावलाय. स्पीकर बसवणारा येतो, ब्लेडने तो कागद फाडतो, स्पीकर बसवतो आणि फाटका कागद तसाच सोडून पॅड ठोकतो. मग दारातलं पाणी कनेक्टरवर, स्विचवर, खाली गालिच्यावर. वास सुटतो. वर्ष-दोन वर्षांत विंडोचं बटण जातं, लॉक जातं, आणि दोष मोटारीला.

वडगावकर, तुमच्या गाडीत नंतर स्पीकर बसवलेत का? खरं सांगा.

नवी मोटार घालाल, नवं लॅच घालाल, खरं तो कागद नीट चिकटवला नाही तर पैसे पाण्यात. हे मी हात जोडून सांगतोय. कागद फाटला असेल तर जाड प्लास्टिक त्याच मापाचं कापा आणि ब्युटाइल टेपने चारी बाजूंनी चिकटवा. कागदाची खालची कड आतल्या बाजूला, पत्र्याच्या खाचेत गेली पाहिजे, म्हणजे पाणी परत दारातच पडतं.

वडगावकर

@खानापूर_पाऊसवाला, होय, पुढच्या दोन्ही दारांत स्पीकर नंतर बसवलेत. पायाखालचा गालिचा पावसाळ्यात ओला असतो, ते मी आजवर चपलांचं पाणी समजत होतो.

रविवारी पॅड उघडतो. तोवर आणखी कुणाच्या सूचना असतील तर लिहा.

शहापूरची_लेक

खानापूरचे दादा, तुमचा प्रतिसाद छापून प्रत्येक स्पीकरवाल्याच्या दुकानात लावायला हवा.

मला वेगळंच सांगायचंय. सगळे खर्चाचं बोलतायत, मी जिवाचं बोलते. बऱ्याच गाड्यांत एअरबॅग उघडली की सगळी दारं आपोआप अनलॉक होतात, बाहेरच्या माणसाला मदत करता यावी म्हणून. ज्या दाराची मोटार मेलीय ते दार तेव्हा लॉकच राहणार. म्हणून बंद मोटार ही "हाताने लावतो की, काय बिघडलं" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत वीज गेली तरी दार हाताने उघडता येण्याची सोय सक्तीची आहे, पण ती सोय कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल तरच उपयोग. माझ्या मुलांना मी मुद्दाम शिकवलंय: आधी नॉब ओढायचा, मग हँडल. आमच्या सासूबाईंकडूनही करून घेतलं.

वडगावकर दादा, आईंना जरूर दाखवा.

चिक्कोडी_२३

टर्नरअण्णा, एक डोक्यात आलं. गिअरचे दात गेले असतील तर उद्यमबागेत पितळेचं गिअर पाडून घेता येईल ना? जिथे क्रँकशाफ्ट बनतात तिथे हे एवढंसं गिअर म्हणजे किस झाड की पत्ती. प्लास्टिकची कटकट कायमची जाईल.

उद्यमबाग_टर्नर

पाडून देता येईल, माझ्याच हाताखालची पोरं देतील. पण मी देणार नाही, आणि का ते सांगतो.

प्लास्टिकचं गिअर तिथे पैसे वाचवायला म्हणूनच फक्त घातलेलं नाही. आवाज कमी, ग्रीस कमी लागतं, आणि काही अडकलं तर धक्का ते स्वतः सोसतं. पितळेचं घातलं की धक्का पुढच्या लिव्हरवर आणि लॅचच्या डब्यावर जातो, आणि ते दोन्ही प्लास्टिकचेच आहेत. गिअर राहील, डबा फुटेल. शिवाय एक गिअर पाडायचं म्हणजे माप काढणं, कटर लावणं, डिव्हायडिंग हेडवर (दात समान अंतरावर पाडायचं साधन) बसणं. अर्धा दिवस जातो. तेवढ्या मजुरीत जुनं लॅच मिळेल.

हल्ली थ्रीडी प्रिंटवर गिअर काढून देणारेही आहेत. पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढलेलं घेऊ नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीच्या दारात तेवढी उष्णता सहज होते. नायलॉनमध्ये काढून मिळालं तर प्रयोग करायला हरकत नाही.

डेट्रॉइटचा_बेळगावकर

खूप दिवसांनी गावच्या मंडळींचा इतका कामाचा धागा वाचला. माझं लहानपण टिळकवाडीतलं, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ. नोकरी वाहन उद्योगातच.

दोन गोष्टी. पहिली: तुमच्या मागच्या दाराला कदाचित फक्त मोटार बदलून भागेल. पुष्कळ कंपन्यांच्या लॅचमध्ये एफसी-२८० या मापाची मोटार असते, ती सुटी मिळते. पण माप एकच असलं तरी शाफ्टची लांबी आणि शाफ्ट गोल आहे की एका बाजूने चपटा, हे जुनी मोटार हातात घेऊनच जुळवा. वर्म शाफ्टवर दाबून बसवलेला असतो. तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, छोटा पुलर (ओढून काढायचं साधन) लावा.

दुसरी: ऑनलाइन पार्ट मागवताना "ड्रायव्हर साइड" या शब्दांवर जाऊ नका. इकडच्या साइटवर ड्रायव्हर साइड म्हणजे डावी बाजू. भारतातल्या गाडीच्या उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या दाराला तो पार्ट बसणार नाही. नेहमी पार्ट नंबर आणि डावं-उजवं बघून मागवा. तुमच्या जुन्या लॅचवरच नंबर छापलेला असतो.

अवांतर: दुसऱ्या गेटाला अजून तेवढाच वेळ थांबावं लागतं का?

कुंदाप्रेमी

थांबावं लागतं. इंजिन बंद करून सेंटर लॉक तपासायला तीच जागा उत्तम. :)

आजऱ्याचा_घनसाळ

सुट्या पार्टसाठी कोल्हापूरला बघा. आम्ही तिकडूनच आणतो. फक्त केए पासिंग दिसलं की काही दुकानदार भाव चढवतात, तेवढं सांभाळा.

तंबाखूच्या_गावची

आणि बेळगावात एमएच-०९ दिसलं की? आम्ही निपाणीकर दोन्हीकडे पाहुणेच. मी सरळ जुना पार्ट पिशवीत घालून बसने जाते. पिशवीला पासिंग नसतं.

संपादक

पासिंग, रोड टॅक्स आणि सीमाभाग यासाठी वेगळा धागा आहे. इथे लॉकबद्दलच लिहूया. (पिशवीची युक्ती आवडली.)

संकेश्वरचे_मास्तर

वडगावकर, रविवारी कामाला लागण्याआधी: बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारात असतो. काच पूर्ण वर करून घ्या, नंतर वीज नसेल. स्क्रूंचे फोटो काढत जा.

उद्यमबाग_टर्नर

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पाठच करा. नवं लॅच बसवल्यावर दार लगेच मिटू नका. दार उघडंच ठेवून स्क्रू ड्रायव्हरने लॅचचा आकडा ढकला, म्हणजे लॅचला वाटेल दार मिटलं. मग बॅटरी जोडून लॉक-अनलॉक करून बघा, आतलं आणि बाहेरचं हँडल ओढून आकडा सुटतो का बघा. सुटला तरच दार मिटा. एखादा दांडा जोडायचा राहिला आणि दार मिटलं, तर लॅचचे स्क्रू दाराच्या कडेला असल्यामुळे ते उघडताही येत नाहीत.

दांड्यांच्या टोकाला रंगीत प्लास्टिकच्या क्लिपा असतात. त्या बाजूला फिरवल्या की दांडा आपसूक निघतो. ओढल्या की तुटतात, आणि ती क्लिप कुठे सुटी मिळत नाही.

वडगावकर

काम झालं. सविस्तर लिहितो.

पुढचं डावं दार आधी घेतलं. खांबाकडचा रबरी पाइप मागे सरकवला. वायरी वरून धडधाकट दिसत होत्या. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकी ताणली तर हिरवी वायर रबरासारखी लांबली आणि हातात आली. आतलं तांबं काळं पडून तुटलेलं होतं. शेजारची निळीही जायच्या बेतात होती. दोन्हींना मऊ वायरचे तुकडे सोल्डर केले, जोड वाकण्याच्या जागेपासून दूर, दाराच्या आत घेतला, वर उष्णतेने आवळणारी नळी. दार पूर्ववत. मोटारीला हातही लावला नाही. टर्नरअण्णा, तुमचं निदान तंतोतंत.

मागच्या डाव्या दारात लॅचचा डबा स्क्रूचा निघाला, चिकटवलेला नव्हता. तो मोठ्या परातीत ठेवूनच उघडला, कारण आत एक स्प्रिंग दबून बसलेली असते. गिअरचे दात शाबूत होते. मोटारीला बॅटरी टेकवली तर फिरायची, पण शाफ्ट चिमटीत धरला की थांबायची. सुटी मोटार मिळाली, शाफ्ट एका बाजूने चपटा बघूनच घेतली. वर्म काढायला ओळखीच्या वर्कशॉपमधला छोटा पुलर वापरला. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन पांढरं लिथियम ग्रीस लावलं. आता लॉकचा आवाज मागच्या उजव्या दारापेक्षाही खणखणीत येतो.

ड्रायव्हरच्या दारात मास्तरांची परीक्षा केली. गार गाडीत, पहिल्या दाबापासूनच लहर. म्हणजे स्विच. डबा उघडल्यावर कनेक्टरजवळ हिरवट गंज दिसला, स्विचच्या पट्ट्या खाल्लेल्या. इथे दुरुस्तीचा नाद केला नाही, कंपनीचं नवं लॅच आणलं. चावीचं कुलूप हँडलकडे वेगळं असतं, त्यामुळे चावी जुनीच राहिली.

आणि खानापूरचे दादा, कागद दोन्ही पुढच्या दारांत स्पीकरच्या जागी गोल फाटलेला होता. जाड प्लास्टिक कापून ब्युटाइल टेपने चिकटवलं, खालची कड खाचेत सोडली, तळाची भोकं मोकळी केली. त्यानंतर कणकुंबीच्या पावसातून जाऊन आलो, गालिचा कोरडा.

मागच्या उजव्या दाराला हात लावलेला नाही. चारचा सेट सांगणाऱ्याला एक मोटार आणि एक लॅच यात काम होतं हे दिसत नव्हतं, कारण त्याने पॅडच उघडलं नव्हतं. याचा मला मनापासून राग आहे. आपल्या भागात हातात कसब असलेली इतकी माणसं आहेत, निदान तपासून सांगावं एवढी अपेक्षा गैर नाही.

खानापूर_पाऊसवाला

गालिचा कोरडा हे वाचून बरं वाटलं. लॉकपेक्षा मला त्याचाच आनंद जास्त.

चिक्कोडी_२३

मेस्त्रीची बाजूही बघा. पॅड उघडायला तासभर जातो, त्याचे पैसे कोणी देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं बघायचे कसले पैसे?" मग तो सरळ सेट सांगतो. तपासणीची मजुरी द्यायची आपणच सवय लावली पाहिजे.

उद्यमबाग_टर्नर

हे मात्र चिक्कोडीकर अगदी खरं बोलले. बघायलाच अक्कल लागते, आणि अकलेची मजुरी द्यायला हवी.

शहापूरची_लेक

+१. मी आधीच विचारते, तपासायचे किती? दिले की माणूस मन लावून बघतो.

नवा_सभासद_हुक्केरी

धागा आत्ता वाचला. माझ्या गाडीचं मागचं उजवं दार मिटलेल्या अवस्थेतच अडकलंय. आतून उघडत नाही, बाहेरूनही नाही. नॉब हलत नाही. दारच उघडत नाही तर पॅड कसं काढू?

उद्यमबाग_टर्नर

घाबरू नका, निघतं. आधी नक्की बाहेरूनही उघडत नाही ना, ते पुन्हा बघा. फक्त आतून उघडत नसेल तर चाइल्ड लॉक लागलेलं असेल, बाहेरून उघडून कडेचा खटका फिरवला की झालं.

दोन्हीकडून नसेल तर एक माणूस बाहेरचं हँडल ओढून धरेल, तुम्ही दारावर आतून लॅचच्या जागी तळहाताने थापटा आणि तिसऱ्याला रिमोट दाबत राहू द्या. थकलेली मोटार अशा वेळी एखादा हिसका देते. नाहीच जमलं तर मागच्या सीटची बैठक काढा, म्हणजे पॅडच्या खालच्या कडेला हात पोचतो. हँडलजवळचे स्क्रू दार मिटलेलं असतानाही सुटतात. पॅड खालून वाकवून हात आत घाला, लॅचकडे जाणारा नॉबचा दांडा चाचपा आणि तो अनलॉकच्या दिशेला ढकला. पॅडच्या एक-दोन क्लिपा तुटतील, त्या बाजारात मिळतात. उघडल्यावर लॅच धुऊन ग्रीस होईपर्यंत आकड्यावर कापड गुंडाळून ठेवा, म्हणजे दार चुकून परत मिटणार नाही.